मेंढरं कुठं राहिली

"हे पुस्तक रंगीसाठी नाहीये, मुलांनो. रंगी काही हे वाचणार नाही," औटे सर माईकमध्ये म्हणाले, "हे मी तुमच्यासाठी लिहिलं. आपण किती नशीबवान आहोत हे तुम्हाला कळावं म्हणून." हॉलमधल्या सगळ्या माना शहाण्यासारख्या हलल्या. पहिल्या रांगेतल्या देवगावकर मॅडमनी तर डोळेच मिटून घेतले, आरतीला मिटतात तसे. आणि व्यासपीठाच्या कडेला, हातात दुसरा माईक आणि खांद्यावर काळी घोंगडी घेऊन उभ्या असलेल्या बानूला दणका बसला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट फरशीच लागावी, तसा. टाचेपासून टाळूपर्यंत. कुणाला दिसला नाही, कारण ती हसत होती. मुलाखत घेणाऱ्यानं हसतमुख राहायचं असतं असं मॅडमनी आठवडाभर बजावलेलं, म्हणून तोंड आपलं हसतच राहिलं आणि आतून कुणीतरी म्हणालं, काय म्हणाला हा माणूस?

तसं सगळं सरळच होतं. बालसाहित्यिक बद्रीनाथ औटे शाळेत आले होते, नववीतली बानू त्यांची मुलाखत घेत होती. त्यांच्या 'रानातली रंगी' या पुस्तकातली मुलगी धनगराची, आणि बानूही धनगराची, म्हणून मॅडमनी तिला घोंगडी घेऊन यायला सांगितलं होतं. "तूच आमची रंगी!" मॅडम म्हणाल्या होत्या आणि बानू खुशीनं नाचायचीच बाकी राहिली होती. तेच आता आठवलं आणि मानेवर घोंगडी जिथं टोचत होती तिथं आग व्हायला लागली. नाचत होतीस ना? घे आता. बजाजनगरच्या दोन खोल्यांत घोंगडी कोण पांघरतं? ती माळ्यावर, जुन्या कुलरच्या मागं पडलेली. पप्पांनी स्टुलावर चढून स्वतः खाली काढली, बाल्कनीत झटकली आणि झटकता झटकता त्यांचे डोळे नेहमीसारखे भरून आले. आईनं तिला ऊन दाखवलं. आख्ख्या घरानं मिळून सजवलं होतं बानूला, या वाक्यापाशी आणून उभं करायला.

गेल्या वर्षापर्यंत बानू वर्गात तोंड उघडत नव्हती. पाचवीत शहरातल्या या शाळेत आली तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरीला "व्हय बाई" म्हणाली, आणि मग सगळं वर्ष पोरी एकमेकींना व्हय बाई, व्हय बाई करत हसल्या. तिनं तोंडाला कुलूप लावलं. मधल्या सुट्टीत डबा खाऊन ती लायब्ररीच्या कपाटापाशी जाऊन बसायची, कारण कपाट हसत नव्हतं. तिथंच रंगी भेटली. फाटक्या पाठीचं पुस्तक, वर मेंढरांमागं चाललेल्या मुलीचं चित्र. बानूनं ते इतक्यांदा घरी नेलं की लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, ठेव गं तुझ्याकडंच. शेवटचं पान तर तिला पाठच होतं. शाळेची घंटा ऐकून रंगी हातातली काठी टाकते आणि पळत सुटते, मागं रान, पुढं शाळा, आणि गुरुजी दारात हात पसरून उभे. दर वेळी रडायची ती या पानाला. सिटी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, नगर नाक्याचा धूर नाकात जात असताना, ती रंगी असायची. मग आठवीत कुणीतरी वक्तृत्व स्पर्धेत आजारी पडलं म्हणून तिला ढकललं, आणि तिचा आवाज असा काही बाहेर आला की तिची तीच दचकली! त्यानंतर प्रार्थना बानू सांगणार, सूचना बानू वाचणार, पाहुण्यांचं स्वागत बानू करणार. माईक दिसला की तिचे हात शिवशिवायचे. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी, कुणाला न सांगितलेली, रंगी होती. आता ज्यानं ती लिहिली तोच सांगत होता की हे तुझ्यासाठी नव्हतंच. मग कुणासाठी होतं? समोर बसलेत त्यांच्यासाठी. पण बानू त्यांच्यातली असती तर घोंगडी तिच्या खांद्यावर कशाला असती? म्हणजे ती रंगी. पण रंगी तर वाचत नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बानूला बसायला खुर्चीच नव्हती, कुठल्याच रांगेत.

"बानू, पुढचा प्रश्न," मॅडम पहिल्या रांगेतून कुजबुजल्या. प्रश्न कार्डांवर लिहिलेले होते. मॅडमनीच ते काढले होते आणि सरांना आधी मोबाइलवर पाठवले होते, म्हणजे पाहुण्यांची गैरसोय व्हायला नको. म्हणून उत्तरं कशी, आधीच ताटात वाढून ठेवल्यासारखी येत होती. प्रेरणा कुठून मिळाली, तर पैठणकडच्या आमच्या शेतात दर हिवाळ्यात धनगरांची मेंढरं बसायची. रात्रभर मेंढरं शेतात बसवली की जमिनीला खत मिळतं, त्याबदल्यात आम्ही त्यांना धान्य द्यायचो. तिथंच बांधावर मी पुस्तक वाचत बसायचो आणि एक मुलगी लांबून माझ्याकडं बघायची. तीच माझी रंगी. हॉल हेलावला. बानूही हेलावली होती, पाच मिनिटांपूर्वी. आता तिला तो बांध दिसत होता आणि बांधाच्या या बाजूला बसलेला, दुपारभर ज्याला कुणी कामाला हाक मारत नाही असा मुलगा. तो लांबून बघणाऱ्या मुलीला म्हणाला नाही, ये, तुला वाचून दाखवतो. चाळीस वर्षांनी येऊन सगळ्या मराठवाड्याला सांगत सुटला की ती बघत होती. कार्डावर प्रश्न होता, 'बालवाचकांना आपण काय संदेश द्याल?' बानूनं कार्ड बघितलं. अक्षरं दिसत होती, पण जिभेवर दुसरंच येऊन बसलं होतं. दिवाळीतली एक संध्याकाळ, खुलताबादच्या अलीकडं माळावर, आत्याच्या पालापाशी. सहावीतली बानू कंदिलाशेजारी बसून मोठ्यानं वाचते आहे, मागं रान, पुढं शाळा, आणि वाचून झाल्यावर डोळे पुसून द्वारकाआत्याकडं बघते. आत्या कोकराच्या पायातला काटा काढत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आन् मेंढरं कुठं ऱ्हायली?" बानू खळखळून हसली होती. अशी कशी गं आत्या तू, एवढी छान गोष्ट आणि तुझं आपलं मेंढरं!

हसली होती. तेव्हा हसली होती, व्हय बाई करणाऱ्या त्या पोरींसारखीच!

"सर," बानू म्हणाली आणि तिचा आवाज तिला स्वतःला चढलेला वाटला, "रंगी शाळेकडं पळाली, तेव्हा मेंढरं कुठं राहिली?"

"अं?"

"मेंढरं. शेवटच्या पानावर ती काठी टाकते आणि पळते. मेंढरं कुणाकडं सोपवली?"

मागच्या रांगांत खसखस पिकली. औटे सर हसले. हसायला छान होते ते, पांढऱ्या मिशा, खादीचा झब्बा, अगदी मुलांचे आजोबा. "राहिली असतील रानात. चरत असतील बिचारी."

"रान म्हणजे कुणाचं तरी शेतच असतं ना, सर? आत्ताच सांगितलं तुम्ही, तुमच्या शेतातच बघितली रंगी. मेंढरं मोकळी सोडली की उभ्या पिकात घुसायला त्यांना वेळ लागत नाही. तुमच्याच हरभऱ्यात शिरली असती. मग तुमच्या वडलांनी काय केलं असतं?"

"कोंडवाडाऽ!" मागून दहावीतला कुणीतरी ओरडला आणि हॉल फुटला. हसण्याच्या त्या लाटेत बानूला फक्त सर दिसत होते. त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला, अगदी क्षणभर, फळा पुसल्यासारखा. शेतकऱ्याचा मुलगा होता तो. हरभऱ्यात मेंढरं शिरली की बांधावर काय होतं, कुणाच्या पाठीवर काय उठतं, हे त्याला समोरच्या हजार पोरांपेक्षा चांगलं माहीत होतं. आणि तरी आयुष्यभर लिहिताना, आवृत्तीमागून आवृत्ती काढताना, एकदाही त्याला आपलं स्वतःचं शेत त्या पानावर दिसलं नव्हतं. मग चेहरा परत भरला. सरांनी चष्मा काढला, दोन्ही हात वर केले. "काय प्रश्न आहे! अहो, टाळ्या वाजवा या मुलीसाठी. ही खरी वाचक! बाळ, तू लिही. तू नक्की लिही." टाळ्या कडाडल्या. मॅडम उभ्या राहून वाजवत होत्या. छपरावर गारा पडाव्यात तशा त्या टाळ्या कितीतरी वेळ पडत राहिल्या आणि थांबल्या तेव्हा प्रश्न जागेवर नव्हता. वाहून गेला होता. सर संदेश देत होते, वाचाल तर घडाल, आणि सगळे खूश होते. बानूला कळेना की आपल्याला शाबासकी मिळाली की कुणी आपलं तोंड दाबलं. टाळ्या तिला केवढ्या आवडायच्या! आज पहिल्यांदा तिनं त्यांच्यासाठी मान लववली नाही.

पॅसेजमध्ये मॅडमनी तिचा दंड धरला आणि कचकन चिमटा काढला. "कार्डावर नव्हता ना तो प्रश्न? पाहुण्यांना असं विचारतात?" तेवढ्यात सर मागून आले, "अहो, हिला आणा चहाला, मला बोलायचंय हिच्याशी," आणि मॅडमच्या त्याच हातानं, तिथंच, दंडावर थोपटलं. "आमची फार चुणचुणीत आहे हो." स्टाफरूममध्ये समोसे होते, चिवडा होता, बानूला खुर्ची दिली. घोंगडी तिनं काढून मांडीवर घेतली तर मॅडम म्हणाल्या, राहू दे गं, फोटो काढायचाय.

"नको, मॅडम. उकडतंय," बानू म्हणाली. मॅडमनी डोळे मोठे केले, ते तिनं बघितले नाहीत.

"मी विचार करत होतो," औटे सर समोशाचा तुकडा बशीत ठेवत पुढं झुकले. आवाज खरोखर प्रेमळ होता, त्याचाच जास्त त्रास होत होता. "पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती निघतेय. तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, बेटा. माझ्याकडून सुटलं ते. आपण एक वाक्य घालू. शेवटच्या पानावर, पळण्याआधी. 'रंगीने मेंढरं धाकट्या बहिणीकडे सोपवली.' झालं! प्रश्न मिटला."

सर खूश होते. गणिताचं उत्तर जमल्यावर मुलं होतात तसे खूश. एक वाक्य. आणि तिला पप्पा दिसले, माळ्यावरून घोंगडी काढताना, डोळे भरून. त्यांच्या घरातही ते वाक्य होतं. कोणी पाहुणा आला, पेढे आले, बोनस झाला, बानूला बक्षीस मिळालं की पप्पा ते काढायचे. "मी शाळेत जाऊ शकलो ते द्वारकीमुळं. एवढीशी होती, माझ्या हातातून हसत हसत काठी घेतली तिनं. जा म्हणाली दादा, शीक." मग पप्पा शिकले, आयटीआय झालं, वाळूजच्या कंपनीत लागले, बजाजनगरला घर झालं, बानू झाली, शहरातली शाळा झाली. आणि आत्या अजून माळावर. वर्षातून एकदा पप्पा तिला साडी नेऊन द्यायचे. बानूला ती हसत हसत काठी घेणारी छोटी आत्या फार आवडायची. तिच्यावर तिनं भाषण केलं होतं, आठवीतलं, पहिलं बक्षीस मिळालेलं भाषण. त्यागमूर्ती! आता समोर बसलेला माणूस तेच, तेवढंच, एका वाक्यात कोंबून छापायला नेत होता. याच्यात आणि आपल्या घरात फरक काय होता? त्याच्या पानावर ती मुलगी आधी नव्हतीच. आपल्या घरात ती होती, पण एवढीच.

"त्या बहिणीचं काय, सर?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिला शाळेची घंटा ऐकू येत नव्हती का?"

सर हसले, मग थोडे कमी हसले. "अगं, सगळ्यांचीच गोष्ट एका पुस्तकात नाही मावत. बरं, तिला नाव देऊ या. तूच सांग. काय नाव ठेवू तिचं?" त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. नाव बानूच्या ओठावर आलेलं होतं. तिचं तोंड काही राहत नाही, सगळ्या शाळेला माहीत. एवढ्या मोठ्या लेखकानं विचारलंय, पुस्तकात छापून येईल, मॅडम भुवया उडवून खुणावतायत, सांग ना! बानूनं दात दातांवर दाबले.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुमच्याच शेतात यायची ना ती? तुम्ही आठवा."

"बानू!" मॅडम ओरडल्या.

"असू द्या, असू द्या," सर म्हणाले, पण पेनाचं टोपण त्यांना पटकन बसवता येईना. बानू उठली. पाया पडायला हवं होतं, पडली नाही. दारातून बाहेर पडताना मॅडम म्हणत होत्या, डोक्यात हवा गेलीय हो, या मुलांना जरा वर चढवलं की. या मुलांना! मागं वळून काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली, आणि मग बस चुकेल म्हणून पळाली. बसमध्ये उभीच होती. छावणी गेली, नाका गेला, वाळूजच्या रस्त्याला कंपन्यांच्या बसचे भोंगे, आणि तिच्या डोक्यात नुसते न बोललेले जबाब. असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं. पण एक गोष्ट कोपऱ्यात बसून काही केल्या हलेना. हसत हसत. पप्पा दर वेळी म्हणतात, हसत हसत. हे कुणी बघितलं? पप्पांनी. पप्पा तर पळत होते ना शाळेकडं?

घरी आई दळणाला गेली होती. बानूनं दप्तर टाकलं आणि बूटसुद्धा न काढता आत्याला फोन लावला. आत्याचा छोटा बटणांचा फोन, गळ्यात पिशवीत असतो. कितीतरी वेळ वाजला.

"कोण, बानी? काय गं, जेवलीस का?" मागून मेंढरांचा कालवा, कुत्र्याचं भुंकणं.

"आत्या, एक खरं सांग. पप्पा शाळेत गेले तेव्हा तू काठी हसत घेतलीस का त्यांच्याकडून?"

"कंची काठी?"

"मेंढरांची. पप्पा सांगतात ना नेहमी. हसत हसत घेतली म्हणून."

फोनमध्ये नुसतं हुर्रर्र, हुर्रर्र. आत्या कुठल्यातरी चुकार मेंढराला वळवत होती. मग आवाज जवळ आला. "त्यो असं सांगतो व्हय?"

"सगळ्यांना सांगतात."

"फेकून मारली हुती मी ती काठी त्याला. भिवईवर लागली. रगत आलं लई. वण असंल बघ अजून." बानूला वण माहीत होता, पप्पांच्या डाव्या भुवईत केस नसलेली ती पांढरी रेघ. शाळेच्या वाटेवर पडलो, असं ते सांगायचे. "मला बी जायचं हुतं की शाळंत. त्याच्या आधी मीच पाटी घेऊन बसले हुते. मंग आईनं मला बडवलं, काठी उचलून हातात दिली, आन् ह्यो गेला. हसत म्हणं! मेल्याला लाज न्हाई."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू, मेंढरांला? तुझ्या बापाला बोलावं तर त्यो फोन केला की आधी रडतोच. रडणाऱ्याशी कसं भांडावं, सांग बरं."

"राग येतो तुला अजून?"

"न यायला काय झालं?" आत्या म्हणाली, आणि एवढ्या सहज म्हणाली, जेवलीस का विचारावं तशी. आपण त्यागमूर्ती म्हणून टाळ्या घेतल्या होत्या त्या बाईला एवढी वर्षं नुसता राग येत होता. आणि तो विचारायला कुणी आलंच नव्हतं. ना बांधावरचा, ना घरातला.

जिन्यात बूट वाजले. पहिली पाळी सुटली होती. पप्पा दारात आले, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हातात जिलबीचा पुडा, चेहरा असा उजळलेला की बघवेना. "काय मग, रंगीबाई! गाजवलं का मैदान? टाळ्या किती पडल्या?"

"ठेवू नको फोन, आत्या," बानू म्हणाली. "पप्पा आलेत. मला सांगितलंस ते सांग त्यांना."

"अगं, आता कशाला? जुनं झालं ते."

"सांग. तसंच्या तसं."

तिनं फोन पप्पांपुढं धरला. पप्पांनी पुडा टेबलावर ठेवला, फोनवरचं नाव वाचलं, आणि द्वारका हे नाव दिसताच त्यांचा चेहरा नेहमीसारखा मऊ व्हायला लागला. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. "द्वारके, बोल गं माय—"

"रडायचं नाही, पप्पा," बानू म्हणाली. आवाज हॉलमध्ये होता त्याहून हळू होता. "तुम्ही रडलात की ती गप्प बसते. आज ऐकायचं."

पप्पांनी फोन कानाला लावला. पलीकडं आत्या बोलायला लागली, आधी थांबत थांबत, मग न थांबता. शब्द बानूला कळत नव्हते, पण चढत चाललेला आवाज खोलीत येत होता. पप्पा हं म्हणाले, परत एकदा हं म्हणाले, आणि मग हं म्हणायचे थांबले. उभ्या उभ्याच त्यांचा मोकळा हात हळूहळू वर डाव्या भुवईकडं गेला.